खातं जरूर द्या, पण आधी पेन्शन द्या

प्रति,
माननीय संपादक,
स.न.वि.वि.

काही दिवसांपूर्वी आपल्या दैनिकात एका तरुण वाचकाचे पत्र वाचले. सरकारने कुणालाच पेन्शन देऊ नये, प्रत्येकाच्या नावावर बचत खाते उघडून द्यावे आणि ज्याचे त्याने आपले म्हातारपण बघावे, असे त्याचे म्हणणे होते. पत्र रागाने लिहिलेले होते. तो राग मला खोटा वाटला नाही, म्हणून उत्तर लिहायला घाई केली नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये 35 वर्षे शिकवले. 1979 ला लागले, 2014 ला निवृत्त झाले. मला जुनी पेन्शन आहे. हे आधीच सांगते, कारण पेन्शनवर बोलणाऱ्याने स्वतःला काय मिळते ते लपवू नये. महागाई भत्ता धरून महिन्याला 38 हजारांच्या आसपास रक्कम माझ्या खात्यात येते. तिच्यासाठी नोकरीत असताना माझ्या पगारातून एक रुपयाही कापला गेला नव्हता. भविष्य निर्वाह निधी कापला जायचा, पण तो मला वेगळा, व्याजासह परत मिळाला.

माझे धाकटे दीर शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे करणारे कामगार होते. 1985 ते 2019, म्हणजे 34 वर्षे. आमच्या दोघांच्या नोकरीत एका वर्षाचा फरक. त्यांना महिन्याला 2,417 रुपये पेन्शन मिळते.

नोव्हेंबरात आम्ही दोघे हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत बरोबरच जातो. माझा अंगठा यंत्रावर लगेच उमटतो. त्यांचा उमटत नाही. तापलेली वाळू आणि कास्टिंग हाताळून बोटांवरच्या रेषा झिजून गेल्यात. मागच्या खेपेला दहाही बोटे टेकवून झाली. खिडकीमागच्या मुलीने ओल्या कापसाने बोटे पुसून दिली, तरी यंत्र घेईना. परत येताना रिक्षात ते म्हणाले, "वैनी, चोवीसशे रुपयांसाठी मी जित्ता हाय हे किती येळा सांगायचं?" मी काहीच बोलू शकले नाही. संध्याकाळी नातवाने मोबाइलसमोर त्यांचा चेहरा धरून दाखला काढला.

त्या 2,417 रुपयांचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. कारखान्यातल्या कामगारांची ही पेन्शन योजना 16 नोव्हेंबर 1995 ला सुरू झाली. मालकाच्या वाट्यातून पगाराच्या 8.33 टक्के रक्कम तिच्यात जाते. पेन्शन ठरवताना शेवटच्या 60 महिन्यांच्या पगाराची सरासरी काढतात, तिला नोकरीच्या वर्षांनी गुणतात आणि 70 ने भागतात. दीर निवृत्त झाले तेव्हा पगार कितीही असला तरी 15 हजारांपर्यंतच धरला जायचा, आणि सप्टेंबर 2014 च्या आधीच्या वर्षांना 6,500 ची मर्यादा होती. पूर्ण 15 हजार आणि पूर्ण 35 वर्षे धरून गणित केले तरी उत्तर 7,500 येते. वर महागाई भत्ता नाही. 58 व्या वर्षी जो आकडा ठरला, तो 80 व्या वर्षीही तोच. सप्टेंबर 2014 मध्ये किमान पेन्शन 1,000 रुपये केली गेली आणि पुढची दहा वर्षे तो आकडा हलला नाही.

दिरांचा आकडा आणखी खाली आला तो वेगळ्या कारणाने. 1995 नंतर त्यांची 24 वर्षे नोकरी झाली, पण कागदावर 17 च आहेत. मधली सात वर्षे ते ठेकेदाराकडे होते. काम तेच, जागा तीच, फक्त हजेरी दुसऱ्याच्या वहीत. पीएफ कापल्याच्या चिठ्ठ्या त्यांच्याकडे आहेत, भरल्याची नोंद कुठेच नाही. आम्ही विचारायला गेलो तोवर तो ठेकेदार काम बंद करून गेला होता. यूएएन हा नोकरी बदलली तरी न बदलणारा पीएफचा एकच क्रमांक 2014 मध्ये आला. त्याआधी मालक बदलला की नंबर बदलायचा आणि जुना नंबर शोधणे हे कामगाराच्या नशिबावर असायचे.

इथे मी त्या तरुण वाचकाच्या बाजूची आहे. दिरांच्या नावावर पहिल्या दिवसापासून एकच खाते असते, दर महिन्याला किती जमा झाले ते त्यांना दिसत असते, तर ती सात वर्षे हरवली नसती. पहिल्याच महिन्यात पैसे आले नाहीत हे त्यांना कळले असते. तेव्हा ते तरुण होते, भांडू शकले असते. ज्यांना दर दोन वर्षांनी ठेकेदार बदलतो, आज फौंड्री तर उद्या गोडाऊन असे काम करावे लागते, त्यांना आपल्या नावाचे, आपल्याबरोबर फिरणारे खाते पाहिजेच.

पण खाते म्हणजे पेन्शन नव्हे, हे मी माझ्या वडिलांच्या घरात शिकले. वडील शाहू मिलमध्ये होते. 1906 साली उभी राहिलेली ही गिरणी 2003 ला बंद झाली, वडील त्याआधी बरीच वर्षे, 1986 ला निवृत्त झाले. हातात एकरकमी पीएफ आला. आमच्या घराने एवढा पैसा एकदम कधी पाहिला नव्हता. धाकट्या बहिणीचे लग्न झाले, गळक्या कौलांच्या जागी पत्रे आले, उरलेल्यातून भावाच्या रिक्षाचा पहिला हप्ता गेला. यातला एकही खर्च चैनीचा नव्हता. चार वर्षांत पैसे संपले. त्यानंतर वडील 19 वर्षे जगले. मी महिन्याला 300 रुपये, पुढे 500 त्यांच्या हातावर ठेवायची. ते पैसे घेताना वडील माझ्याकडे बघायचे नाहीत, खिडकीकडे बघायचे. ज्या माणसाने मला हात धरून शाळेत नेले होते, त्याला माझ्याकडून पैसे घेताना मान वळवावी लागत होती. "ज्याचे त्याने बघावे" हे वाक्य वाचले की मला ती खिडकी दिसते.

आमच्या गल्लीतल्या एका शेजाऱ्यांची गोष्ट याहून वाईट. निवृत्तीची सगळी रक्कम त्यांनी महिन्याला भरघोस परतावा देण्याचे सांगणाऱ्या एका कंपनीत गुंतवली. आधी चार-सहा महिने परतावा मिळाला, म्हणून मेहुण्यालाही गुंतवायला लावले. मग कार्यालयाला कुलूप. आपल्या शहरात हे कितीजणांच्या वाट्याला आले, हे आपल्या वार्ताहरांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. साठीच्या माणसाच्या हातात एकदम मोठी रक्कम आली की नातलग, दलाल आणि घरातल्या खऱ्या गरजा एकाच दिवशी दारात उभ्या राहतात.

माझी सून 2009 मध्ये शिक्षणसेवक म्हणून लागली आणि तीन वर्षांनी कायम झाली. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, स्वतःच्या नावाचे पेन्शन खाते आहे. तिच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के कपात होते, सरकारचा वाटा आता 14 टक्के आहे. सुरुवातीच्या काही वर्षांच्या कपातीचा हिशेब तिला सहा वर्षे मिळाला नाही. ज्या कार्यालयात विचारावे तिथे "स्लिपा यायच्या आहेत" एवढेच उत्तर. ती दर महिन्याची पगारपत्रके एका फाइलमध्ये लावून ठेवायची आणि दर मे महिन्यात ती फाइल घेऊन जायची. शेवटी रक्कम तिच्या खात्यात आली. आता ती मोबाइलवर शिल्लक बघू शकते आणि तिला त्याचा आधार वाटतो, हेही मी प्रामाणिकपणे लिहिते. ती माझ्यासारखी दुसऱ्याच्या शब्दावर अवलंबून नाही.

तिला वाटणारी भीती मात्र शेअर बाजाराची आहे, आणि तिथे मला वाटते लोकांचे लक्ष चुकीच्या जागी गेले आहे. 23 मार्च 2020 ला सेन्सेक्स 26 हजारांच्या खाली बंद झाला, दोनच महिन्यांपूर्वी तो 41 हजारांच्या वर होता. टीव्हीवर ते आकडे बघून सुनेला रात्री झोप लागली नव्हती. पण सरकारी कर्मचाऱ्यांच्या नेहमीच्या योजनेत तेव्हा शेअरमध्ये 15 टक्क्यांपेक्षा जास्त पैसे जात नव्हते, बाकीचे मुख्यतः सरकारी आणि कंपन्यांच्या रोख्यांत असायचे. बाजार कोसळला तरी तिचे सगळे बुडणार नव्हते. खरी अडचण निवृत्तीच्या दिवशी सुरू होते.

समजा निवृत्तीला तिच्या खात्यात 40 लाख रुपये झाले. 60 टक्के, म्हणजे 24 लाख तिला रोख मिळतील. उरलेल्या 16 लाखांतून विमा कंपनीकडून तिला वर्षासन, म्हणजे आयुष्यभर मिळणारी ठरावीक रक्कम, घ्यावे लागेल. साडेसहा टक्के दर धरला तर वर्षाला 1 लाख 4 हजार, महिन्याला सुमारे 8,670 रुपये. ही रक्कम आयुष्यभर तेवढीच राहील. महागाई 5 टक्के धरली तर 20 वर्षांनी त्या 8,670 रुपयांत आजच्या सव्वातीन हजारांचाच बाजार येईल. आणि तो दरही निवृत्तीच्या दिवशी बाजारात जो असेल तो. एक वर्ष आधी निवृत्त झालेल्या मैत्रिणीला जास्त आणि हिला कमी, असे नुसत्या जन्मतारखेमुळे होऊ शकते. माझी पेन्शन दर सहा महिन्यांनी महागाई भत्त्याबरोबर सरकते. म्हणून मी म्हणते, की जुन्या आणि नव्या पेन्शनमधले सगळ्यात मोठे अंतर बाजाराचे नाही, महागाई भत्त्याचे आहे. सुनेच्या 24 लाखांचे काय होईल, ते वडिलांच्या घरात मी पाहिले आहे.

केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी 1 एप्रिल 2025 पासून आणलेल्या एकत्रित पेन्शन योजनेत हे ओळखलेले दिसते. 25 वर्षे नोकरी झालेल्याला शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन, तिला महागाईची जोड, आणि 10 वर्षे झालेल्याला निदान 10 हजार. कपात चालूच राहते, पण शेवटी मिळणाऱ्या आकड्याची हमी सरकार घेते. राज्य सरकारनेही 2024 मध्ये त्याच वळणाची योजना मान्य केली. मला हा मार्ग बरा वाटतो. त्यात कर्मचारी काहीतरी भरतो, आणि माझ्यासारखे काहीच न भरता घेत नाही.

पण इथेही चर्चा सरकारी नोकरांपाशीच संपते, आणि त्या तरुण वाचकाच्या रागाचे मूळ तिथे आहे. मार्च 2023 मध्ये कर्मचाऱ्यांचा सात दिवस संप झाला. "एकच मिशन, जुनी पेन्शन" या घोषणा देत माझी सूनही मोर्चात गेली होती, आणि मी तिला डबा करून दिला होता. त्याच आठवड्यात आपल्याच कोल्हापुरात बेरोजगार तरुणांनी जुन्या पेन्शनच्या विरोधात मोर्चा काढला. सून घरी आली ती गप्प होती. त्या मुलांमध्ये तिने शिकवलेला एक मुलगा तिला दिसला होता.

फार थोड्यांना माहीत असेल, पण स्वतःच्या नावावर पेन्शन खाते ही कल्पना आपल्याकडे सरकारी नोकरांसाठी निघालीच नव्हती. डॉ. एस. ए. दवे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने 2000 साली 'ओॲसिस' नावाने जो अहवाल दिला, तो असंघटित कामगारांच्या म्हातारपणाचा विचार करणारा होता. हमाल, भाजीवाली, शिंपी, रिक्षावाला यांना देशात कुठेही गेले तरी बरोबर राहील असे एक खाते असावे, ही त्यातली मूळ गोष्ट. प्रत्यक्षात 1 जानेवारी 2004 पासून खाते लागू झाले ते केंद्राच्या नव्या कर्मचाऱ्यांना. सर्वसामान्य नागरिकांसाठी ते 2009 मध्ये खुले झाले, तेही ज्याला परवडेल त्याने भरावे अशा रीतीने. ज्यांना पेन्शन होती त्यांची काढून खाते दिले गेले, आणि ज्यांच्यासाठी खाते निघाले होते ते बाजूला राहिले.

दुसऱ्या देशांचे अनुभव मी मुलाकडून समजून घेतले. चिलीने 1981 मध्ये कामगारांची सरकारी पेन्शन बंद करून पगाराच्या 10 टक्के खासगी कंपन्यांच्या खात्यात भरायला लावले. सैन्याला मात्र त्यातून वगळले होते. ज्यांची नोकरी सलग नव्हती, ज्या बाया मुलांसाठी घरी बसल्या, त्यांच्या खात्यांत फारसे जमलेच नाही. शेवटी 2008 मध्ये आणि पुन्हा 2022 मध्ये तिथल्या सरकारला तिजोरीतून किमान पेन्शन द्यावी लागली. स्वीडनने 1990 च्या दशकात निराळे केले. पगाराच्या 18.5 टक्क्यांपैकी 16 टक्के सरकारी पेन्शनकडे आणि फक्त 2.5 टक्के माणसाने निवडलेल्या फंडात. वर गरिबांना किमान पेन्शनची हमी. खाते आहे, पण ते घराचा वरचा मजला आहे, जोते नव्हे.

आपल्याकडे जोते कसे आहे ते पाहा. श्रावणबाळ योजनेत 65 वर्षांवरच्या निराधाराला महिन्याला 1,500 रुपये मिळतात, आणि तेही कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21 हजारांच्या आत असेल तर. 21 हजार वर्षाला म्हणजे 1,750 महिन्याला. या शहरात एवढ्यात कोण जगतो? खरे उत्पन्न लिहिले तर पेन्शन नाही, आणि पेन्शन पाहिजे तर दाखल्यावर खोटे लिहायचे, असा पेच आपण म्हाताऱ्या माणसांपुढे ठेवला आहे. केंद्राच्या वृद्धापकाळ पेन्शनमधला 79 वयापर्यंतचा वाटा 2007 पासून 200 रुपयांवरच आहे. माझा महागाई भत्ता तेव्हापासून कितीदा वाढला, ते मला मोजताही येणार नाही.

माझ्या नणंदबाई पन्हाळ्याकडच्या एका खेड्यात असतात. दोन म्हशी आहेत, दूध संस्थेला घालतात, दर दहा दिवसांनी बिल मिळते. त्यातून पशुखाद्याचे पैसे कापले जातात, म्हशीच्या कर्जाचा हप्ता कापला जातो. ऊस गेला की त्या बिलातूनही सेवा संस्थेचे पीककर्ज आधी वळते होते. मी त्यांना म्हातारपणाचे विचारले तर म्हणाल्या, "वैनी, माझी पेन्शन दावणीला बांधलीया." त्या 61 वर्षांच्या आहेत, गुडघे गेलेत, आणि म्हशीची धार काढायला खाली बसावे लागते.

तेव्हा माझ्या मनात आले, की कर्जाची कपात पैसे हातात यायच्या आधी होते, मग म्हातारपणाची का होऊ नये? अटल पेन्शन योजनेत 18 ते 40 वयाच्या माणसाला भाग घेता येतो. नणंदबाई कधीच त्याबाहेर गेल्या, पण त्यांची सून 25 वर्षांची आहे. साठीनंतर 5,000 रुपये महिना हवे असतील तर तिला आज महिन्याला 376 रुपये भरावे लागतील, म्हणजे दर दूध बिलामागे सव्वाशे. दुधाचा डबा रिकामा न ठेवता हे जमण्यासारखे आहे. दिवाळीच्या दूध फरकातून, म्हणजे संस्था वर्षाअखेर देते त्या जादा रकमेतून, थोडे जास्तही भरता येईल. आपल्या बायका भिशी कधी चुकवत नाहीत, कारण तिथे दर महिन्याला कुणीतरी वाट बघत असते. बँकेत जाऊन आपणहून पैसे भरणे हे शेतातल्या बाईला जमत नाही, बिलातून कापून गेलेले तिला चालते.

हिशेब पुढे मांडल्यावर मात्र मी थांबले. 35 वर्षांनी मिळणारे ते 5,000 रुपये 5 टक्के महागाईने आजच्या 900 रुपयांएवढेच उरतील. ही मुलगी 35 वर्षे, वर्षाच्या 36 बिलांपैकी प्रत्येकामागे सव्वाशे रुपये देईल आणि शेवटी महिन्याला तिच्या हातात एका गॅस सिलिंडरएवढे पडेल. हे तिला सांगितल्याशिवाय मी तिला फॉर्म भरायला लावणार नाही. सरकारने तिच्या प्रत्येक रुपयामागे आपला काही वाटा घालावा आणि मिळणारी पेन्शन महागाईबरोबर वाढती ठेवावी. मला 35 वर्षे काही न भरता हे मिळाले. ती भरायला तयार आहे, तिला ते का मिळू नये? श्रावणबाळची 21 हजारांची अट काढावी. कामगारांच्या किमान पेन्शनला महागाई भत्ता जोडावा. आणि यासाठी माझ्यासारख्या मोठी पेन्शन घेणाऱ्यांच्या वाढीचा वेग काही वर्षे कमी ठेवावा लागला, तर माझी तयारी आहे. माझ्या बरोबरीच्या निवृत्त शिक्षकांना हे वाक्य आवडणार नाही. त्यांच्यापैकी काहींनी मला तोंडावर तसे सांगितलेही आहे. मी ते मागे घेत नाही.

त्या तरुण वाचकाला एवढेच सांगते, की तुझे खाते तू जरूर माग. फक्त त्याच्या बदल्यात माझ्या दिरांचे 2,417 रुपये काढून घ्या, असे म्हणू नकोस.

नणंदबाईंच्या गावच्या दूध संस्थेची वार्षिक सभा तोंडावर आली आहे. ज्या सभासदाची लेखी संमती असेल त्याच्या बिलातून पेन्शन खात्याची कपात करून बँकेत भरावी, आणि किती भरले ते दर बिलाच्या पावतीवर छापावे, असा ठराव मी त्यांना स्वच्छ अक्षरात लिहून दिला आहे. सचिवांनी "वरनं आदेश पाहिजे" असे सांगितले. वर म्हणजे कोण, ते मी विचारते आहे. कोणत्या कार्यालयात अर्ज करावा लागतो हे आपल्या वाचकांपैकी कुणाला माहीत असेल, तर त्यांनी याच सदरातून कळवावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
मंगळवार पेठ, कोल्हापूर